बाळाचे फोटो घरच्या घरी: वेळ किती, पैसे किती, फसगत कुठे

खर्च आधी सांगून टाकते. फोन तुमच्याकडे आहे, खिडकी आहे, पांढरी चादर कपाटात आहे. म्हणजे फोटो काढेपर्यंत एक रुपयाही लागत नाही. पुढे दर महिन्याला निवडून पाच फोटोंचे प्रिंट काढलेत, तर वर्षाचे ६० होतात. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट आमच्या भागातल्या लॅबमध्ये १० रुपयांना पडतो. तुमच्याकडे थोडा कमी-जास्त असेल. ६०० रुपये प्रिंटचे आणि अडीचशे-तीनशेचा खिशांचा अल्बम. बाळाचं अख्खं पहिलं वर्ष नऊशे रुपयांच्या आत हातात येतं.

स्टुडिओतलं तासाभराचं शूट शहराप्रमाणे पाच हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातं. हौस असेल तर जरूर करा. पण ‘घरी फोटो चांगलेच येत नाहीत’ म्हणून निघाला असाल, तर थांबा आणि एक शनिवार-रविवार पुढचं करून बघा. घरचे फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा उजेडामुळे. नवा फोन घेऊन तो उजेड सुधारत नाही.

खिडकी शोधा, दिवे बंद करा

घरातली योग्य जागा शोधायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. सकाळी ८ वाजता, १० वाजता आणि दुपारी ४ वाजता प्रत्येक खिडकीजवळ आपली मूठ धरा आणि मुठीची सावली बघा. सावलीची कड धारदार असेल तर तो उजेड बाळाच्या चेहऱ्याला कडक. कड विरघळल्यासारखी मऊ असेल तर हीच जागा आणि हीच वेळ. मोबाइलमध्ये लिहून ठेवा. उत्तरेकडची खिडकी असेल तर दिवसभर काम होतं. थेट ऊन येत असेल तर ग्रिलच्या पट्ट्या बाळाच्या गालावर उमटतात. तिथे जुनं पांढरं धोतर किंवा सुती ओढणी आडवी लावा. खास पडदा विकत आणू नका.

बाळ खिडकीपासून तीन-चार फुटांवर ठेवा आणि उजेड बाजूने किंवा डोक्याकडून येऊ द्या, पायांकडून कधीच नको. याची खूण सोपी आहे: नाकाची सावली ओठांकडे पडली पाहिजे. ती कपाळाकडे जात असेल तर उजेड खालून येतोय. गोड बाळही त्यात विचित्र दिसतं. बाळाला गादीसकट फिरवा, दहा सेकंदांचं काम आहे. उजेड आला नाही त्या बाजूला पांढरी चादर खुर्चीवर टाकून उभी करा. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी कार्डशीट वीस-तीस रुपयांत मिळते, तिनेही तेच होतं. अंधारा गाल उजळतो.

आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या, बल्बचा तिसऱ्या. फोन गोंधळतो आणि बाळाची कातडी पिवळी नाहीतर हिरवट येते. पिवळं दुपटं, पिवळी भिंत, भगवा पडदा यांनीही तेच होतं. नवजात बाळाचा फोटो पिवळा आला म्हणून घाबरून कावीळ ठरवू नका आणि गोरा आला म्हणून निर्धास्तही राहू नका. कावीळ डॉक्टरांनी बघायची असते.

चाळीतलं किंवा एका खोलीचं घर असेल आणि खिडकी नावालाच असेल, तर दार वापरा. दार पूर्ण उघडा, उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर सतरंजी घाला, तुम्ही दाराला पाठ करून पण थोडे बाजूला बसा, म्हणजे तुमचीच सावली पडणार नाही. गावाकडे पडवी असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही: वर छप्पर, समोर मोकळं आभाळ. पावसाळ्यात उजेड मऊ पण कमी असतो, तेव्हा खिडकीच्या दोन फुटांवर या.

संध्याकाळी दिवे लावूनच काढायची वेळ आली, तर फोटोत काळ्या आडव्या पट्ट्या येतात का बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. स्वस्त एलईडी दिवे तिच्या तालावर लुकलुकतात; डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ५० निवडा. नसेल तर सकाळपर्यंत थांबा.

फोनमध्ये काय बदलायचं

पाच मिनिटांचं काम. लेन्स मऊ सुती कपड्याने पुसा. बाळाच्या घरात तिच्यावर तेलाचा हात लागलेलाच असतो, आणि ‘फोटो धुरकट येतात’ ही तक्रार निम्म्या वेळा इथेच संपते. ब्यूटी फिल्टर बंद करा, काही फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो आणि बाळाची कातडी प्लास्टिकसारखी करतो. फ्लॅश बंद. पुढचा सेल्फी कॅमेरा वापरू नका, मागचाच वापरा. पोर्ट्रेट मोडमध्ये जावळाच्या बारीक केसांच्या कडा कापल्या जातात, म्हणून एक फोटो त्यात आणि एक साधा असे दोन्ही घ्या.

जवळ जाऊन काढू नका. अगदी जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दोन पावलं मागे या आणि फोनमध्ये २एक्स ची वेगळी लेन्स असेल तर ती लावा. त्यापुढचा बोटांनी ताणलेला झूम नको.

बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर या. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय काडीएवढे दिसतात. पालथं पडलेलं बाळ असेल तर तुम्हीही जमिनीवर पालथे व्हा आणि फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीला टेकेल. चेहऱ्यावर बोट टेकवा, फोकस तिथे बसतो. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती किंचित खाली ओढा. मग एकेक फोटो न काढता भराभर काढा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बटण दाबून धरलं किंवा खाली ओढलं की सलग फोटो निघतात, आयफोनमध्ये ते डावीकडे ओढायचं. पडद्यावरचं बटण दाबताना फोन हलत असेल तर आवाजाचं बटण दाबा, त्यानेही फोटो निघतो.

तीस फोटो काढा, त्याच रात्री दोन ठेवा, अठ्ठावीस पुसा. ‘नंतर निवडू’ म्हणालात की वर्षाच्या शेवटी नऊ हजार फोटो आणि एकही प्रिंट नाही.

वेळ बाळाची

दूध पिऊन झालंय, झोप झालीय, लंगोट बदललाय, त्यानंतरची वीस मिनिटं तुमची. बाळ रडलं की फोन ठेवून द्या. आज नाही, उद्या.

पहिले दोन-तीन महिने झोपलेलं बाळच काढा. चेहऱ्याइतकेच तळपाय, तुमच्या बोटावर वळलेली मूठ, मानेची घडी, डोक्यावरचा भोवरा. हे महिनाभरात बदलतं आणि याचे फोटो जवळजवळ कोणीच काढलेले नसतात. सहा ते नऊ महिने हा सर्वांत सोपा काळ: बाळ बसतं, पण पळत नाही. एखाद्याच महिन्यात मेहनत घ्यायची ठरवलीत तर ती इथे घ्या. रांगायला लागलं की पाठलाग करू नका; मोठ्या पातेल्यात लाकडी चमचा टाकून ते खिडकीजवळ ठेवा, बाळ तिथे येतंच. खुळखुळा वाजवणारा माणूस बरोबर तुमच्या डोक्याच्या मागे उभा करा. तो बाजूला उभा असेल तर सगळ्या फोटोंत बाळ बाजूलाच बघतं. नवा आवाज दोन-तीनदाच चालतो, म्हणून फोन तयार झाल्याशिवाय वाजवायचा नाही.

दोन ते पाच वर्षांच्या मुलाला ‘हस रे’ म्हणू नका, दात आवळलेला चेहरा मिळतो. काम द्या. ताटलीत मटारच्या शेंगा द्या, कणकेचा गोळा द्या, आजोबांच्या चष्म्याची डबी उघडायला द्या. किंवा विचारा, ‘कपाटात कोण लपलंय?’ उत्तर देण्याआधीच्या क्षणाचा चेहरा, तोच फोटो.

हे घरी करू नका

हाताच्या पंज्यांवर हनुवटी टेकवून बसलेल्या नवजात बाळाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. बाळ असं स्वतः बसत नाही. एका फोटोत कोणीतरी त्याचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं; दोन्ही जोडून धरणाऱ्याचे हात पुसलेले असतात. घरी याची नक्कल करू नका, मानेला आणि श्वासाला धोका आहे. झोळी करून बाळाला फांदीला टांगणं, बादलीत किंवा मडक्यात बसवणं, सोफ्याच्या कडेवर एकटं ठेवणं, हे सगळं नाही. बाळापासून हातभर अंतरावर एक मोठं माणूस सतत हवं, आणि ते फोटो काढणारं नसावं.

गोकुळाष्टमीचा कृष्ण करताना मुकुटाच्या तारा आणि मणी ओढून बघा. जे सुटतं ते तोंडात जातं. विजेच्या माळा अंगाभोवती नकोत. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा बाळाजवळ नको, घशात अडकतो. धूर दिसावा म्हणून पावडर उडवू नका, ती छातीत जाते. काजळ बालरोगतज्ज्ञ नकोच म्हणतात. तीट लावायची तर कपाळावर लावा, डोळ्यांत काही नको.

बोरन्हाण: अर्ध्या तासाचा फोटो

याला थोडी जागा देते, कारण सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडलेले पाहिले आहेत. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ. बायकांना बोलावणं असतं संध्याकाळी साडेपाच-सहाचं, सूर्य मावळतो सव्वासहा-साडेसहाला. म्हणजे बोरं डोक्यावर पडतात तेव्हा खोलीत ट्यूबलाइट. बोलावणं ४ चं करा. याला पैसे पडत नाहीत आणि याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

बाळाच्या अंगात काळं झबलं, त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. चौकटीत काळं जास्त दिसलं की फोन समजतो अंधार आहे आणि सगळं उजळवतो. चेहरा पांढराफटक होतो आणि हलव्याचा काटा दिसतच नाही, नुसते पांढरे ठिपके. तेव्हा चेहऱ्यावर बोट टेकवून पट्टी नेहमीपेक्षा जास्त खाली ओढा, हलव्याचे काटे पडद्यावर दिसेपर्यंत. दागिने घातल्यावर पहिल्या तीन मिनिटांत बाळाचा एकट्याचा फोटो काढून घ्या. नंतर मुकुट डोळ्यांवर येतो आणि हार हातात येतो. बोरं टाकणाऱ्या बायकांना बाळाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बसवा, तुम्ही समोर जमिनीवर. चुरमुरे वरून सुटले की सलग फोटो सुरू.

लहान बाळाच्या डोक्यावरून चुरमुरेच टाका. बोरं, गोळ्या, शेंगदाणे नंतर मोठ्या मुलांत वाटा. फोटो झाल्याबरोबर दागिने काढा. दोऱ्यातून सुटलेला हलव्याचा दाणा घशात अडकायला पुरेसा आहे. हलव्याचे दागिने घरी ओवले तर हलव्याचाच खर्च. तयार संच काहीशे रुपयांना मिळतो. ‘बोरन्हाण पॅकेज’ म्हणून सजावट आणि फोटोवाला मिळून हजारोंचा आकडा सांगतात, त्यात हा संच बहुतेक वेळा भाड्याचा असतो. दुसऱ्या बाळाने चोखलेला संच तुमच्या बाळाला घालू नका.

फ्लॅशच्या फोटोत एक डोळा पांढरा दिसला तर

फ्लॅश वापरू नका म्हटलं तरी घरात कोणीतरी एखादा काढतंच. त्यात दोन्ही डोळे लाल आले तर काळजी नाही, ते आतल्या पडद्याचं प्रतिबिंब असतं. पण एकच डोळा पांढरा किंवा पिवळसर चमकत असेल आणि दोन-तीन फोटोंत तोच डोळा तसा येत असेल, तर वाट बघू नका. कधी ते नुसत्या कोनामुळे होतं. कधी मोतीबिंदू असतो, आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोग. तो लवकर सापडला तर बहुतेक वेळा जीव वाचतो, बऱ्याचदा डोळाही वाचतो. तेच फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागातही दाखवता येतं. चष्म्याच्या दुकानात दाखवून थांबू नका, आणि तो फोटो पुसू नका.

सरकारी कागदांसाठीचा फोटो

आधार आधी. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाल आधारसाठी फोटो न्यायचा नाही; केंद्रावर तिथेच काढतात. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद या वयात होत नाही. बाळाचा जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचं आधार, दोन्ही मूळ प्रती न्या. नोंदणी मोफत आहे. पैसे मागितले तर १९४७ या क्रमांकावर तक्रार करा.

पासपोर्टचं वेगळं आहे. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो तुम्ही न्यायचा असतो: ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. मुलांच्या नेहमीच्या पासपोर्टचं शुल्क १,००० रुपये, आठ वर्षांखाली नव्या अर्जाला १० टक्के सूट, म्हणजे ९००. हा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. जन्मदाखला, आई-वडिलांचे पासपोर्ट असतील तर त्यांच्या प्रती, पत्त्याचा पुरावा आणि दोघांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’. अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतो. एजंटला त्याचे हजार-दीड हजार देऊ नका.

फोटो घरीच काढा. खिडकीजवळ जमिनीवर पांढरी चादर ताणून घाला, एकही सुरकुती नको. बाळाला उताणं झोपवा, वरून सरळ खाली फोन धरा, तुमची सावली चेहऱ्यावर येत नाही ना बघा. टोपी नाही, चोखणी नाही, दुसऱ्या कोणाचा हात चौकटीत नाही. तीट आणि काजळ आधी पुसा. दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेलं, नजर लेन्सकडे. तीस काढले की एक मिळतो.

पैसे वाचतात ते पुढे. ४ बाय ६ इंचाच्या एका कागदावर या मापाचे बरोबर ८ फोटो बसतात. मापाची चौकट आखणारं कोणतंही मोफत अ‍ॅप घ्या, आठ फोटोंचं एक पान तयार करा आणि लॅबमध्ये साधा ४ बाय ६ प्रिंट म्हणून द्या: १०-२० रुपये. हेच आठ फोटो ‘बेबी पासपोर्ट’ म्हणून काढून घेतलेत की शंभरावर जातात. अ‍ॅपमध्ये पैसे भरायचा पडदा आला तर ते काढून दुसरं घ्या. अमेरिकेच्या व्हिसाला मात्र २ बाय २ इंचाचा चौकोनी फोटो लागतो; परदेशातल्या नातवंडासाठी काढत असाल तर माप त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर बघूनच काढा.

स्टुडिओत जायचंच असेल तर

माझ्या भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचं बिल पुढे ठेवते. पॅकेज ४,९९९ रुपये, एक तास, ‘आठ एडिट केलेले फोटो’. शूट झालं, पडद्यावर शंभरेक फोटो दाखवले, आणि प्रत्येकात आपलं बाळ गोड. आठावर कोण थांबतं? बारा जादा फोटो, २५० रुपयांप्रमाणे ३,०००. दुसरा ड्रेस घातला त्याचे ५००. समोर ठेवलेला केक ८००. झाले ९,२९९. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,६७४. एकूण १०,९७३. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त आधी सांगितली नव्हती आणि आम्ही विचारली नव्हती.

तुम्ही विचारा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. किती फोटो मिळणार, एडिट केलेले किती आणि बाकीचे मूळ मिळणार का. जादा फोटोचा दर. जीएसटी धरून आकडा किती. जीएसटी लावणाऱ्याच्या बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. नसेल तर तो कर देऊ नका. बाळाला पाजण्याचा आणि बदलण्याचा वेळ तासात धरतात का. बाळ आजारी पडलं तर तारीख फुकट बदलून मिळेल का. बाळं आजारी पडतात, म्हणून ‘आगाऊ रक्कम परत नाही’ एवढ्यावर सही करू नका. फोटो किती दिवसांत, कोणत्या मापात. घरी येऊन काढणार असतील तर प्रवासखर्च वेगळा का. कपडे आणि टोपड्या प्रत्येक बाळानंतर धुतात का. नवजात बाळ असेल तर पोझ देताना बाळाला कोण धरणार आणि त्या धरणाऱ्याला सर्दी-खोकला नाही ना.

हक्काचं एक माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच असता, वेगळा करार केलेला नसेल तर. तो ‘वेगळा करार’ बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरात असतो: फोटो जाहिरातीसाठी, इन्स्टाग्रामसाठी वापरायची परवानगी. नको असेल तर ती ओळ खोडा, शेजारी सही करा आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा. ठरल्यापेक्षा जास्त घेतलं किंवा फोटो दिलेच नाहीत, तर आधी लेखी मागणी करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही.

फुकटचे सापळे

प्रसूतिगृहात दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन कोणी आलं, तर बाळावरचं पांघरूण काढू देण्याआधी दर विचारा. बाळंतीण थकलेली असते. घरच्यांपैकी एकाने हे काम अंगावर घ्या. मॉलमधल्या सोडतीत ‘मोफत शूट’ लागलं की एक प्रिंट मोफत असतो आणि बाकीचे विकत. ‘गोंडस बाळ’ स्पर्धेत प्रवेशशुल्क, मग मतांसाठी पैसे, मग ओटीपी. ओटीपी कोणालाही देऊ नका. आणि ‘तुमच्या बाळाची जाहिरातीसाठी निवड झाली, पोर्टफोलिओचे तेवढे भरा’ असा फोन आला तर तिथेच ठेवा. काम देणारा कामाचे पैसे देतो, घेत नाही.

फोटो ठेवायचे कुठे

गूगलचे १५ जीबी फुकट आहेत, पण त्यात फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह सगळं मोजतात. १ जून २०२१ पासून फोटोंना वेगळी अमर्याद जागा नाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता यातच धरतात, म्हणजे सकाळच्या शुभेच्छा तुमच्या बाळाची जागा खातात. अ‍ॅपलचे फुकट ५ जीबीच. १५ जीबीत ३ एमबीचे पाच हजार फोटो मावतात, पण ४के व्हिडिओचे मिनिटाला १७० एमबी जातात, म्हणजे दीड तासात जागा खलास. बाळाचे रोजचे व्हिडिओ १०८० वर काढा. जागा घ्यायचीच तर गूगलची १०० जीबी महिना साधारण १३० रुपयांना पडते. पहिल्या महिन्याच्या सवलतीचा आकडा बघून घेऊ नका, पूर्ण वर्षाचा बघा. शिवाय दर तीन महिन्यांनी सगळं घरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. पेनड्राइव्हच्या भरवशावर बाळाचं वर्ष ठेवू नका.

नातेवाइकांना पाठवताना फोटोतलं ठिकाण बंद करून पाठवा. आंघोळीचे उघडे फोटो कुठेही चढवू नका, आपोआप चढणाऱ्या क्लाउडवरही नको. अमेरिकेत २०२१ मध्ये एका वडिलांनी मुलाच्या दुखऱ्या जागेचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. गूगलच्या यंत्रणेने तो गैरप्रकार ठरवून खातंच बंद केलं. पोलिसांनी निर्दोष ठरवलं, तरी खातं आणि त्यातले फोटो परत मिळाले नाहीत.

प्रिंटसाठी लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवू नका, तो लहान होऊन जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ४ बाय ६ ला १,८०० बाय १,२०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये याच्या कितीतरी वर असतात, म्हणजे ८ बाय १० सुद्धा आरामात निघतो. एक गोष्ट मात्र लॅबवाले सांगत नाहीत. फोनचा फोटो ४ बाय ६ पेक्षा जास्त चौरस असतो, म्हणून प्रिंटमध्ये समोरासमोरच्या दोन लांब कडांचा मिळून अर्धा इंच कापला जातो. आडव्या फोटोत ते डोकं आणि पाय असतात. काढतानाच वर-खाली जागा सोडा, किंवा लॅबला सांगा, ‘कापू नका, पांढरी किनार चालेल.’

घरच्या प्रिंटरवर फोटो काढू नका; शाई आणि फोटोपेपर धरून तो लॅबपेक्षा महाग पडतो. चिकट पानांचे अल्बम टाळा, डिंक प्रिंट पिवळा करतो आणि काढताना फाडतो. लॅमिनेशनही नको. खिशांचाच अल्बम घ्या. प्रिंटच्या मागे बॉलपेन दाबून लिहिलंत तर पुढच्या बाजूला उठाव दिसतो. पातळ टोकाच्या मार्करने तारीख, बाळाचं वय आणि शेजारी कोण बसलंय त्याचं नाव लिहा. शाई वाळायला दहा मिनिटं द्या, मग खिशात सरकवा.